डिजिटल फळा येण्यापूर्वी

येत्या वर्षी आपल्या माध्यमिक विभागातील दोन वर्गांत डिजिटल फळे बसवावेत असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. पालक सभेतही त्याचे टाळ्यांनी स्वागत झाले. मी विज्ञान शिकवतो, तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला असेल असे अनेकांना वाटले. आनंद झालाच. पण त्याच वेळी मनात एक शंका आली होती, ती सभेत उभे राहून बोलण्याचे धाडस झाले नाही. सभेत गप्प बसून नंतर लिहिणे हा आम्हा शिक्षकांचा जुनाच दोष आहे, तो वाचकांनी पोटात घालावा.

शंका एवढीच, की हा फळा कोणत्या भाषेत बोलणार?

प्रश्न आजचा नाही. आपल्या भागात वर्गात यंत्र येण्याला पन्नास वर्षे झाली, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारतात ‘साइट’ नावाचा एक प्रचंड प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह आणि आपल्या इस्रोची तयारी, अशा जोडीने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखवली गेली. विक्रम साराभाईंनी पाहिलेले हे स्वप्न. ते प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, १९७१ च्या डिसेंबरात ते गेले. या सहा राज्यांत कर्नाटक होते, आणि कर्नाटकातून निवडलेल्या जिल्ह्यांत विजापूर, रायचूर यांच्यासोबत आपला गुलबर्गा होता (त्याचे कलबुर्गी हे नाव २०१४ चे). ज्या काळी देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांत दूरदर्शन नव्हते, त्या काळी गुलबर्गा जिल्ह्यातल्या खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री उभारून संच चालू होत होते. वीज नसलेल्या काही गावांत ते बॅटरीवर चालत. सकाळी दीड तास कार्यक्रम शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी. पुढे १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र झाले. राजधानी बंगळूरला दूरदर्शन आले ते १९८१ मध्ये. मागासलेला भाग म्हणून आपल्याला हिणवणाऱ्यांना हे एकदा जरूर सांगावे.

माझ्या दृष्टीने त्या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या एका वर्षात मुलांच्या कार्यक्रमांइतकाच विचार गुरुजींचा केला गेला होता. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान व गणित कसे शिकवावे याचे बारा-बारा दिवसांचे प्रशिक्षण दोन तुकड्यांत झाले, आणि सहा राज्यांतले मिळून सुमारे पन्नास हजार शिक्षक त्यातून गेले. सकाळी दूरचित्रवाणीवर पाठ पाहायचा, सोबत रेडिओ ऐकायचा, छापील पुस्तिका वाचायची, आणि मग चार शिक्षकांनी एकत्र बसून हाताने प्रयोग करून पाहायचा, असा तो क्रम होता. यंत्र एका भागापुरते, बाकीचे काम माणसांनी करायचे. आजच्या कित्येक ऑनलाइन प्रशिक्षणांत हा शेवटचा भागच गाळला जातो, त्याकडे पुढे येतोच.

आता भाषेचे. साइटचे कार्यक्रम चार भाषांत होते: हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. महाराष्ट्र प्रयोगात नव्हता, म्हणून मराठीही नव्हती. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. राज्यागणिक भाषा ठरली, आणि राज्याच्या कडेला राहणारा तेवढा राहून गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद अलीकडे राहिले. तेव्हापासून जे जे नवे यंत्र आले ते एकतर बंगळूरहून कन्नडमध्ये आले किंवा पुण्या-मुंबईहून मराठीत आले. आपल्या मुलांच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळणारे सहसा कोणतेच नव्हते.

पालकांपैकी काही जण म्हणतील, गुरुजी, आता यूट्यूबवर मराठीत काय वाटेल ते मिळते. मिळते खरे. पण कर्नाटकात पाठ्यपुस्तके सात माध्यमांत निघतात आणि मराठी हे त्यांतले एक. म्हणजे आपल्या मुलाच्या हातातले मराठी पुस्तक हे बालभारतीचे पुस्तक नव्हे. माध्यमिक वर्गांची आपली गणित-विज्ञानाची पुस्तके एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेली आहेत. पुण्याच्या एखाद्या उत्तम शिक्षकाची आठवीची चित्रफीत लावली तर धड्यांचा क्रम वेगळा, उदाहरणे वेगळी, आणि कधी कधी तो धडा आमच्या आठवीत नसतोच, तो नववीत असतो. कोरोनाच्या वर्षी हे सर्वांनी अनुभवले. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर ‘संवेद’ हे पाठ सुरू झाले, ते आपल्या अभ्यासक्रमाचे, पण कन्नडमध्ये. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. ती मराठीत, गोड, आणि बालभारतीच्या पुस्तकांची. छतावर छत्री असलेल्या घरातल्या मुलाने रिमोट हातात धरून दोन वाहिन्यांमध्ये उड्या मारायच्या, एकीकडे अभ्यास आणि दुसरीकडे भाषा, असे ते दिवस होते. ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ आले. मारुतीच्या पारावर, समाजमंदिरात, झाडाखाली आम्ही पाच-सात मुलांचे गट घेऊन बसलो. साथ वाढल्यावर ऑक्टोबरात तेही थांबले. पण त्या दोन महिन्यांत पारावर बसून मी जे शिकलो ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकलो नव्हतो. मुले चंदना पाहून येत, आणि मी त्यांना विचारी, काल काय दाखवले ते मराठीत सांगा.

तिथूनच पुढची गोष्ट सुचली. शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर एकदा मी आठवीच्या वर्गात एका पुस्तकातील क्यूआर कोड माझ्या मोबाइलवर उघडला. धडा पेशीचा. चित्रफीत कन्नडमध्ये निघाली. मी बंद करणार तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, राहू द्या ना, मी सांगते.” तिची आई भालकीकडची, घरात दोन्ही भाषा. चित्रफीत तुकड्या-तुकड्याने थांबवत तिने साऱ्या वर्गाला मराठीत सांगितले. एका ठिकाणी मात्र ती अडली. “ते ‘जीवकोश’ म्हणतात सर, आपल्या पुस्तकात काय आहे?” वर्ग एका सुरात ओरडला, “पेशी!”

मी घरी गेलो तो हाच शब्द डोक्यात घेऊन. आणि मग लक्षात आले की ही केवढी गुंतागुंत आहे. कन्नडमध्ये जीवकोश, मराठीत पेशी, हिंदीत कोशिका. पण हिंदीत ‘पेशी’ हा शब्द आहेच, आणि तो स्नायूसाठी आहे! मराठीत आणि कन्नडमध्ये स्नायू म्हणजे स्नायूच. हिंदीत गेला की तो अर्थ बदलतो. आता कल्पना करा: आपला विद्यार्थी सोमवारी कन्नड चित्रफीत पाहतो, मंगळवारी हिंदी, बुधवारी परीक्षेत मराठीत लिहितो. त्याने ‘पेशी आकुंचन पावतात’ असे लिहिले तर तो चुकला की त्याची चित्रफीत चुकली? असे पेपर मी तपासले आहेत आणि मुलांचे गुणही कापले आहेत, हे कबूल करतो.

गणितातही तेच. क्षेत्रफळाला कन्नडमध्ये ‘विस्तीर्ण’ म्हणतात. आपल्याकडे विस्तीर्ण म्हटले की डोळ्यांपुढे माळरान येते. आपला त्रिकोण तिकडे ‘त्रिभुज’, आपले गुणोत्तर तिकडे ‘अनुपात’. पण सरासरी ही दोन्हीकडे सरासरीच! गुणाकार, भागाकार दोन्हीकडे तेच. घनफळातील ‘ळ’ चा ‘ल’ झाला की कन्नड. शेकडो वर्षे शेजारी राहिलेल्या भाषा आहेत या, त्यांना एकमेकींची लाज नाही. आपल्या हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठीतही पदे रचली आणि कन्नडमध्येही. अडचण आहे ती आपण हे शब्द कुठे मांडून ठेवलेले नाहीत ही.

म्हणून त्या वर्षापासून आमच्या विज्ञान कक्षात एक तक्ता सुरू झाला. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी असे चार रकाने. धडा शिकवताना जो शब्द अडला तो मुलांनीच लिहायचा. पुढे तो तक्ता भिंतीवर मावेना म्हणून संगणकावर घेतला. इथे मला स्वतःला शिकावे लागले. कन्नड मी बोलतो, वाचतो, पण टंकलिखित कधी केले नव्हते. मराठीत आम्ही जुन्या श्रीलिपीवर प्रश्नपत्रिका काढलेली पिढी, कन्नडवाल्यांचे ‘नुडी’ वेगळे. एकाचे अक्षर दुसऱ्याच्या संगणकावर गेले की नुसत्या चौकोनांची रांग दिसायची. युनिकोडने ते दुखणे घालवले. पण खरी मौज कळली ती इनस्क्रिप्ट कळफलक शिकताना. हा कळफलक भारतीय लिप्यांसाठी एकच रचना धरून केलेला आहे. ज्या कळीवर देवनागरीचा ‘क’, त्याच कळीवर कन्नडचा ‘क’. ‘त’ च्या जागी ‘त’, ‘प’ च्या जागी ‘प’. स्वर बहुतांशी डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, दोन्ही लिप्यांत सारखी. म्हणजे ज्याला मराठीत इनस्क्रिप्ट आले त्याला कन्नड टंकलेखन जवळजवळ फुकट आले. त्यासाठी शाळेला एक रुपयाही लागला नाही. ही सोय संगणकात आधीपासूनच असते, फक्त चालू करावी लागते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी हे तीन आठवड्यांत शिकलो. (सौभाग्यवतींचे मत: चार महिने.)

आता प्रशिक्षणाविषयी, आणि इथे थोडे स्पष्ट लिहितो. २०१७ च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे केंद्राचे व्यासपीठ सुरू झाले, २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण आले आणि २०२० मध्ये ते ऑनलाइन झाले. कल्पना चांगल्या आहेत. पण ऑनलाइन प्रशिक्षणाची चित्रफीत एका खोलीत चालू ठेवून दुसऱ्या खोलीत उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक मी पाहिले आहेत. कोणाला नावे ठेवत नाही. एकदा मीही तेच केले आणि मलाही प्रमाणपत्र मिळाले. ते आमच्या घरी फायलीत आहे, आणि त्याच्याकडे पाहिले की मला ओशाळल्यासारखे होते. चित्रफीत पाहून झाल्यावर ज्या चार शिक्षकांनी एकत्र बसायचे, करून पाहायचे, भांडायचे, ते चार शिक्षक या व्यवस्थेत कुठेच नाहीत. १९७५ साली ते होते. व्हॉट्सअॅपचा गट आहे म्हणावे तर त्यात सकाळी सुप्रभात, दुपारी परिपत्रक आणि रात्री कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, दहा लाख डॉलरचे, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावण्याचे श्रेय त्यांना मिळाले, वर्तमानपत्रांनी कोडाची छायाचित्रे छापली. पण पुरस्काराच्या परिचयात आणखी एक गोष्ट नमूद आहे, तिच्याकडे आपल्या भागातल्या माणसाने तरी दुर्लक्ष करू नये. अभ्यासक्रम मुलांच्या घरच्या भाषेत नव्हता, ती भाषा होती कन्नड. म्हणून गुरुजी गावात राहायला गेले, ती भाषा शिकले, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली, आणि मग त्यांवर कोड लावले. आपली परिस्थिती याच्या बरोबर उलट आहे, आरशात पाहावी तशी. कोड आपल्याकडे आधी आला. त्याच्या मागचे मुलांच्या भाषेतले काम अजून कोणी केलेले नाही.

ते कोण करणार? बंगळूरला आपल्यासाठी वेळ काढा म्हणणे आपला हक्क आहे आणि तो बजावलाच पाहिजे. पुण्याकडे पाहणेही चुकीचे नाही. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर सर्वांना खुले केले आहेत, मराठी विश्वकोशही तिथे आहे, आणि वाचनासाठी त्यांचा मी नेहमी उपयोग करतो. पण आठवीच्या कर्नाटक अभ्यासक्रमातला पेशीचा धडा मराठीत समजावून सांगणारी दहा मिनिटांची ध्वनिफीत पुण्यातला शिक्षक का करील? त्याच्या वर्गात तो धडा तसा नाही. ती भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद इथल्या मराठी शाळांच्या शिक्षकांनीच करायची. धडे वाटून घेतले तर एकेकाच्या वाट्याला फार येत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या साधनांविषयी पालक हल्ली विचारतात. मी ती वापरतो. प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा, कन्नड परिपत्रकाचा झटपट अनुवाद, यांसाठी ती कामाची आहेत. पण परवाच अशा एका साधनाने मला विज्ञानाचा मराठी उतारा करून दिला आणि त्यात तीन ठिकाणी ‘कोशिका’ होती. कन्नडमधल्या ‘अवसर’ चा अर्थ घाई असा आहे, मराठीत तो संधी असा होतो. असल्या जागी यंत्र हमखास घसरते, आणि घसरले हे ज्याला दोन्ही भाषा येतात त्यालाच कळते. आपल्या शाळेतील शिक्षकाचे आणि सातवी-आठवीतल्या कितीतरी मुलांचे हे बळ आहे. २०१५ च्या कायद्याने कन्नड पहिलीपासून टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली तेव्हा अनेक पालक नाराज होते, मीही होतो. आज त्या मुलीचे ‘मी सांगते’ आठवले की माझी नाराजी बरीच निवळते. सगळी नाही. शिकायची भाषा आपली हवी या मतावर मी आहेच.

तेव्हा विश्वस्त मंडळाला माझी विनंती अशी. डिजिटल फळा घ्यावा, पण यंदा दोन नको, एक घ्यावा. दुसऱ्या फळ्याच्या पैशात दोन साधे ध्वनिमुद्रक, एक चांगला इन्व्हर्टर आणि एका शांत खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे एवढे झाले तरी ध्वनिफितींचे काम चालू होते. (एका शाळेत मी असा फळा पाहिला आहे, त्यावर कशिदा केलेले कापड घातलेले होते. बिघडलेला नव्हता, धूळ बसू नये म्हणून.) आणि पैशापेक्षा महत्त्वाचे म्हणजे वेळ द्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला सव्वा तास होतो. हा सव्वा तास वेळापत्रकात छापून द्यावा. शनिवारी शेवटच्या तासानंतर म्हणू नये. त्या वेळी आमच्यातल्या निम्म्यांची गावाची बस असते. बुधवारी मधल्या सुट्टीनंतरचा तास असेल तर उत्तम. त्या तासात जनगणनेचा, निवडणुकीचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा विषय कोणी काढू नये, मुख्याध्यापकांनीही.

विद्यार्थी मित्रांनो, तक्त्यात भर घालण्याचे काम तुमचेच राहील. सहामाहीपर्यंत आठवी विज्ञानाच्या पहिल्या पाच धड्यांचे शब्द पुरे करायचे आहेत. आजी-आजोबांना जुने शब्द विचारा. हैदराबाद संस्थानच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले कोणी घरात असतील तर पाचवा रकानाही सुरू करता येईल.

पालकांपैकी ज्यांना कन्नड टंकलेखन येते, किंवा ज्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि धडा वाचून दाखवण्याची हौस आहे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी संगणक कक्षात येऊन भेटावे. सकाळी प्रार्थनेपूर्वी मी तिथे असतो.